उडीचं बटण

परदेशीपुऱ्यातलं घर विकलं गेलं होतं आणि उरलंसुरलं सामान आवरायला संबोधी आईला घेऊन सकाळीच आली होती. भांडीकुंडी, बिछाने कधीच हलले होते. बुद्धांची तसबीर तर सगळ्यांच्या आधी नव्या घरी पोचली होती. राहिलं होतं ते माळ्यावरचं: एक छोटा काळा-पांढरा टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटर. कॉम्प्युटर तरी कसला, रबरी बटणांचा एक काळा कीबोर्ड. सगळा जीव त्यातच. तो टीव्हीला जोडायचा आणि गेम कॅसेटवरून चढवायचा.

"भंगारवाला येतोच आहे," मंजुळाबाई दारातल्या खुर्चीवरून म्हणाल्या. "देऊन टाक त्याला. त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"एकदा चालवून बघते, आई."

"अब क्या चलेगा, बाई. जमाना झाला त्याला."

महूच्या छावणीतून बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून बाबांनी तो विकत आणला, तेव्हा संबोधी चौदाची होती आणि तिचा भाऊ संघदीप बाराचा. पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. बाबा पडले फौजी. त्यांनी हुकूमच काढला: दोघांनी मिळून एकच माणूस चालवायचा. डावी-उजवी बटणं संबोधीकडे, उडीचं लांब बटण संघूकडे.

पडद्यावरच्या त्या माणसाच्या डोक्यावर दिवा होता. एका खोलीतून दुसरीत, या कट्ट्यावरून त्या कट्ट्यावर उड्या मारत तो दार शोधायचा. गल्लीतल्या गिरणी कामगारांना सगळे भिया, म्हणजे दादा म्हणत; त्यावरून मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं मिलवाला भिया. कट्ट्याची कड आली की संबोधी हळूच "हं" म्हणायची, संघू बटण दाबायचा, आणि भिया पलीकडे. हे "हं" जिभेवर इतकं बसलं की गल्लीतली उघडी नाली आली तरी ती "हं" म्हणायची आणि दोघं एकदम उडी मारायची.

मग संघूला कावीळ झाली. दवाखान्यातल्या खाटेवर त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसत होते. म्हणाला, "ताई, शेवटची खोली राहिली. माझ्याशिवाय खेळू नकोस हां." तिने मान हलवली. संघू गेला आणि बाबांनी कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळला. दिलेला शब्द तिने आजवर पाळला होता. पण आज भंगारवाला आला की ती शेवटची खोली कायमची राहणार होती, आणि हे मात्र तिला सोसवेना.

टेप सुरू झाला. चिर्र... कर्र... तोच कान किटवणारा आवाज. पडद्यावर पट्टे धावू लागले. गेम चढत असताना कोणी बोलायचं नाही, पंख्याला हात लावायचा नाही, असा या घरचा दंडक होता. संबोधीने मागे पाहिलं. आईने बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं.

दोनदा फसलं. तिसऱ्यांदा मिलवाला भिया दिवा लावून उभा राहिला.

'राग मानू नकोस रे,' ती मनात म्हणाली. आज दोन्ही कामं तिलाच करायची होती. पण बोटं गेली सवयीच्या जागी, पहिली कड आली आणि तोंडातून निघालं, "हं."

भियाने उडी मारली.

तिचा डावा हात मांडीवर होता, उजवा आपल्या दोन बटणांवर. तिने खाली पाहिलं. दबलेलं लांब बटण सावकाश वर येत होतं...

तापलेल्या प्लास्टिकचा वास सुटला होता. उठावं, वायर ओढावी, असं वाटून गेलं. पण खरं सांगायचं तर भीतीच्याही आधी तिला आनंद झाला होता. ती पुन्हा "हं" म्हणाली.

एकेक खोली मागे पडली. शेवटची आली. दार समोर, वाट सरळ, उडीचं कामच नाही. तिने उजवं बटण दाबलं, तर भिया जागच्या जागी उड्या मारू लागला. दाबलं की उडी, दाबलं की उडी. आईने जेवायला हाक मारली की संघू हेच करायचा. खेळ संपूच द्यायचा नाही.

"संघू," ती पुटपुटली, "घर विकलंय रे... इथे आता आपलं कोणी येणार नाही..."

उड्या थांबेनात.

"बरं... चल माझ्याबरोबर."

भिया उभा राहिला. त्याला दारापर्यंत न नेता तिने तसंच सगळं बंद केलं.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी नाही, आई."

मंजुळाबाईंनी त्या कीबोर्डकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बाकीचं दे त्याला. हा राहू दे."

रिक्षात बसल्यावर संबोधीने टॉवेलातला कीबोर्ड मांडीवर घेतला, वर हात ठेवला. वायर गुंडाळून पिशवीत टाकली होती. "भिया, धीरे चलाओ, माँजी हैं," ती रिक्षावाल्याला म्हणाली. पुढे गतिरोधक दिसला आणि सवयीने तिच्या तोंडून "हं" गेलं. तळव्याखाली बटण दबलं. ती हसली, डोळे पुसले. "आहेस ना रे," असं अगदी हळू म्हणाली.

पुढच्या गतिरोधकाला ती काहीच बोलली नाही. बटण तरीही वेळेवर दबलं.

कृष्णपुऱ्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षा अगदी कठड्याला लागून थांबली. खाली नदी. समोर ना खड्डा, ना गतिरोधक. तळव्याखाली बटण दबलं. पुन्हा दबलं. आणि त्यासरशी संबोधीच्या दोन्ही टाचा रिक्षाच्या पत्र्यावरून वर उचलल्या गेल्या.

शेजारी डोळे मिटून बसलेल्या आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"पाय खाली ठेव, बाई."

"ठेवतेय, आई..."

तिने मोकळ्या हाताने गुडघे दाबून धरले. टाचा काही टेकत नव्हत्या.