लाल बटण, वीतभर दूर

टोमॅटो वाहणाऱ्या पट्ट्याच्या रोलरने माझी बाही पकडली, तेव्हा मी एका वेड्यावाकड्या टोमॅटोला हसत होते… दुसऱ्याच क्षणी मनगट आत ओढलं जाऊ लागलं. पट्टा थांबवायचं लाल बटण समोरच होतं — पण कुणा उंच माणसाच्या हिशेबाने बसवलेलं. माझी बोटं वीतभर अलीकडेच राहिली. मी किंचाळले. पण लेमिंग्टनच्या आमच्या टोमॅटो कारखान्यात पट्टा सुरू असताना किंचाळी ऐकतो कोण?

कुणीतरी झेप घेऊन बटण दाबलं. सगळं थांबलं.

"हात बघू," तो म्हणाला. नवा इलेक्ट्रिशियन, नूनो. बाही कापताना त्याचीच बोटं थरथरत होती.

"घाबरलंय कोण, तू की मी?"

"मी. तू नुसती पांढरीफटक पडलीयस."

हात वाचला, भीती मात्र जाईना. घरी मिक्सर लावला तरी मी दचकायचे. हंगाम ऐन भरात, त्यामुळे पुन्हा त्याच जागी उभं राहणं आलं. नाही जमलं तर नोकरी सोडायची, हे ठरवूनच कामावर परत आले.

नूनोने नवं बटण माझ्या कोपराजवळ बसवलं होतं. "आता परीक्षा," म्हणत त्याने माझा डावा हात रुमालाने कठड्याला बांधला. "समज, हा अडकलाय."

"दुसऱ्याच भेटीत हात बांधतोस?"

"सैल गाठ आहे गं, हिल्डा. झटका दिलास की सुटेल."

रिकामा पट्टा धडधडू लागला आणि माझं उसनं अवसान गळालं. उजवा हात उचलवेचना.

"नूनो, मला भीती वाटतेय!"

तो काहीतरी ओरडला.

"काय?"

तो पुन्हा ओरडला… नुसते ओठ हलताना दिसले. मला ते ऐकायचंच होतं. डोळे मिटून मी हात टाकला — बटण बरोबर हाताखाली आलं. पट्टा थांबला.

"—त्या दिवसापासून तुझ्याशिवाय काही सुचत नाही मला!" नूनो अजून ओरडतच होता.

सगळ्या शेडने ते ऐकलं. मग पलीकडून आमच्याच पाळीतली ओदेते मावशी म्हणाली, "अरे, परीक्षा बटणाची घेतोस की पोरीची?"

नूनो कानापर्यंत लाल झाला. "बटण पिळून सोड, हिल्डा, म्हणजे ते वर येईल. पट्टा सुरू करू दे…"

"थांब ना. आवाज नाहीये तोवर माझंही ऐक." झटका देऊन मी डावा हात सोडवला. "मलाही तू आवडतोस. आणि उद्यापासून मी इथेच उभी राहणार आहे."

मग मीच बटण पिळलं. "कर सुरू," मी म्हटलं.