फोटोत नको असलेला दिवा

उद्या तुम्ही चंद्रोदयाचे फोटो काढायला जाणार, बॅगा भरून झाल्या, आणि आता लाईट गेली म्हणून मामाकडून गोष्ट हवी. सांगतो. पण ही उडत उडत ऐकलेली नाही. माझ्या फ्रेमच्या दुकानाला लागून ज्याचा स्टुडिओ होता, त्याची आहे. त्याचं नाव नको. बाजारात सगळे त्याला मास्तर म्हणायचे, कारण पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसालाही उजेड कसा पडतो ते शिकवल्याशिवाय तो सोडत नसे.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मास्तर स्पर्धेसाठी फोटो काढायला तळ्यावर गेला. आदल्याच संध्याकाळी का? तर पौर्णिमेला चंद्र डोंगरावर येईपर्यंत आभाळ काळं होऊन जातं, फोटोत नुसतं पांढरं भोक उरतं. आदल्या दिवशी आभाळात निळा शिल्लक असतो आणि चंद्राचा नारिंगी त्याच्यावर खुलतो. एवढं तरी लक्षात ठेवा.

बांधावर त्याने स्टँड लावला. डावीकडे वर चंद्रासाठी जागा सोडली. मधलं पाणी रिकामं रिकामं वाटत होतं, तेवढ्यात जाळी टाकायला निघालेली एक होडी नेमकी तिथे जाऊन थांबली. काळी, बोटाच्या पेराएवढी. मास्तर खूश! फक्त उजवीकडे खाली, काठावरच्या घरासमोर, खांबावर एक पिवळा बल्ब जळत होता. चंद्र आणि बल्ब, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. डोळा आधी दिव्यावर जायचा, मग चंद्रावर. आणि स्पर्धेचा नियम असा की नंतर काही खोडायचं नाही.

तो खाली उतरला. ओट्यावर एक म्हातारी जाळं सांधत बसली होती.

"आजी, दहा मिनिटं दिवा बंद करता का?"

"अरे, आमचे हे पाण्यावर आहेत. काठाला बुडालेली खोडं आहेत. दिवा बघून वाट काढतात ते."

"दहाच मिनिटं. झालं की मी वरून हाक मारतो. पण तोवर लावू नका हं, नाहीतर माझी सगळी मेहनत पाण्यात."

"बरं बाबा. नाही लावत. शब्द दिला."

सात वाजून पाच मिनिटांनी चंद्र डोंगरावर आला आणि मास्तरचं भान हरपलं. खालून एकदा हाक आली, "झालं का?" तो खेकसला, "सांगतो हो, सांगतो!" पावणेआठला ढग आले, चंद्र गेला. मास्तरने सामान आवरलं, स्कूटरला किक मारली आणि घर गाठलं.

हाक मारायची राहिली.

तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या. होडी खोडांवर फुटली. कोळी सकाळी सापडला. लोक म्हणाले, म्हातारीने दिवाच लावला नाही, नवऱ्यावर राग असेल. ती सांगायची, कुणी फोटोवाला होता, मी शब्द दिला होता. पण त्या फोटोवाल्याला दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं. मास्तरने एकदा जाऊन तोंड उघडलं असतं तर तिच्यावरचा आळ गेला असता. तो गेला नाही. बक्षीस मात्र घेऊन आला. परीक्षक म्हणाले, त्या होडीमुळे चित्राला तोल आला.

फोटो फ्रेमला माझ्याकडेच आला. फ्रेम मागून बंद करणारी कागदी पट्टी मी स्वतः चिकटवली, तिच्यावर दुकानाचा शिक्का मारला. स्टुडिओच्या भिंतीवरच्या त्या फोटोची गिऱ्हाइकाने तारीफ केली की मास्तर मान खाली घालायचा. मला वाटायचं, काय विनय आहे!

म्हातारी पावसाळ्याआधीच गेली. शेवटी शेवटी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "झालं का त्याचं?" लोक म्हणायचे, डोकं फिरलं हिचं.

वर्ष गेलं. पुन्हा मार्च, पुन्हा पौर्णिमेची आदली संध्याकाळ. मास्तर तळ्यावर गेला, कॅमेरा न घेता. का गेला, ते त्यालाही सांगता येईना. काठावरच्या घराला कुलूप होतं. वीज मंडळाने मीटरसुद्धा काढून नेला होता. खांबावर तेवढा बल्ब राहिला होता, धुळीने माखलेला.

चंद्र वर आला. तेच पाणी. तेच आभाळ. मग ढग आले.

अंधार.

आणि खालून...

"झालं का?"

मास्तरने खाली घराकडे पाहिलं.

"झालं का, बाबा?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला. नुसतं विचारणं होतं. दिलेला शब्द पाळत बसलेल्या माणसाचं.

त्याला पळायचं होतं. पाय उचलेनात. भीतीने नाही रे... लाजेने.

"झालं का...?"

"झालं, आजी." त्याने वरून हाक मारली. "माझं चुकलं. लावा... लावा दिवा."

काही नाही.

मग खट् करून बटण वाजलं.

बल्ब लागला.

आणि पाण्यावरून वल्ह्याचा आवाज येऊ लागला. चुबुक... चुबुक... हळूहळू, काठाकडे.

रात्री साडेनऊला तो माझ्या दारात उभा होता. पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. वर्षभर ज्याला मी विनय समजत होतो, ते हे होतं. मी म्हटलं, उद्या काठावर जा आणि चारचौघांत सांग. गेलाही तो, मी सोबत होतो. लोकांनी काय काय ऐकवलं ते ऐकवलं, त्याने मान वर केली नाही. पण त्या रात्री आधी तो म्हणाला, "चल, तो फोटो उतरव. मला भिंतीकडे बघवत नाही."

आम्ही स्टुडिओ उघडला. फ्रेम मीच काढली, उलटी धरली. पट्टी माझीच होती. शिक्का अखंड. कुठे नखाचा ओरखडासुद्धा नाही.

सरळ केली.

मधलं पाणी रिकामं होतं.

होडी उजवीकडे खाली, काठाला लागलेली. तिच्यावर, खांबाच्या टोकाला, एक पिवळा ठिपका. चंद्र होता तिथेच होता... पण डोळा आधी दिव्यावर जात होता.