गाडीखाली मीटर वाजला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मला खोटारडी म्हणायचं नाही! हे माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडलंय, आणि तेही रात्री नाही... रविवारी, भर दुपारी, तिच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये.

मावशी गाड्यांचं वायरिंग करते. काकांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, पहिली बायकोही तेच करायची. ती आजारपणात गेली. पण गॅरेजमधून काही गेली नाही!

"पहिल्या वहिनींच्या हाताला गुण होता हो," येणारं-जाणारं गिऱ्हाईक म्हणायचं.

मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा, फक्त एकदा, काकांनी आपल्या कामाला छान म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या दिवशी आलेल्या गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा विझत नव्हता. सायलेन्सरच्या नळीत धूर तपासणारा सेन्सर असतो, त्याला करंटच पोचत नव्हता. फ्यूज ठीक. सेन्सर ठीक. वायरी तपासायचा मीटर लावत लावत मावशीने दोष पकडला. नळीच्या उष्णतेने दोन वायरी आतून तुटल्या होत्या. तिने त्या जोडल्या, सोल्डरचा डाग दिला, टेप गुंडाळली.

दिवा गेला... आणि परत आला.

"तिने डोळे मिटून केलं असतं," काका सहज बोलून गेले.

"मग तिलाच बोलवा ना!"

मावशी अशी कडाडली, की काका निमूटपणे घरी जेवायला गेले.

ती गाडीत बसली. किल्ली फिरवली. दिव्याकडे रागाने बघत राहिली.

टीं...

आवाज गाडीखालून आला. मीटरचा. त्याची दोन्ही टोकं अखंड वायरीला टेकवली, तरच तो वाजतो.

"अहो? आलात?"



टीं...

मग हलकीशी फुंकर. गरम डागावर मारतात ना, तशी.

दिवा विझला.

मावशीने उतरून खाली पाहिलं... कुणीच नव्हतं. तिची टेप सोलून जमिनीवर टाकलेली. वायरींचे जोड नवे, एक वर, एक खाली, म्हणजे एकमेकांना टेकायला नकोत. घाईघाईत मावशी नेमकं हेच चुकली होती! तिने बोट लावलं...

चटका बसला.

सोल्डरिंगची गन मात्र टेबलावर. थंडगार.

काका आले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"छान! झकास केलंस गं."

हेच ऐकायला ती वर्षानुवर्षं आसुसली होती. तिने नुसती मान हलवली. खरं सांगितलं नाही... अजूनही नाही.

मला मात्र अधूनमधून विचारते, "खरं सांग, ते 'छान' कुणाला म्हणाले गं?"