उतरत्या पाण्यावरची खोपी

"निदान त्याचं प्रेत तरी मिळवून द्या, बाई," असं म्हणून डारिया कोवालिक दारातच थबकली. पुढे केलेली खुर्ची तिला दिसलीही नाही.

एनिड रासमुसननं तिचा हात धरून तिला बसवलं. कॅनडातल्या सस्कॅचवनच्या त्या भागात खासगी चौकशा करणारी एनिड एकटीच. विम्याच्या भानगडी, चोरीला गेलेली गुरं, हे तिचं नेहमीचं काम. तिचा मेव्हणा क्लिफर्ड आयुष्यभर ट्रक चालवून घरी बसलेला. आता तो एनिडची गाडी चालवायचा आणि वाटेत शंका काढायचा.

"सावकाश सांग. कोण गेलं?"

"माझा नवरा. ओरेस्ट. काल संध्याकाळी हॅलर्ड तलावावर, बर्फातून खाली. गार्थ लिंडग्रेननं डोळ्यांनी पाहिलं म्हणे. तिथे ओरेस्टची टोपी मिळाली. सकाळपासून पाणबुडे शोधतायत. आज दिवस मावळायच्या आत वादळ येणार, मग शोध बंद. पोलीस सार्जंट म्हणाले, आता थेट वसंतात."

"गार्थवर तुझा विश्वास नाही?"

"गार्थ त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आहे हो. रात्रभर तलावावरून हलला नाही, म्हणाला ओरेस्टला एकटं सोडणार नाही. पण बाई, ओरेस्ट बुडाला म्हणतात ते जुन्या नदीच्या पात्रावर. खाली प्रवाह, म्हणून तिथला बर्फ पापडासारखा. बर्फावरची सुरक्षित वाट दरवर्षी आखतो कोण? ओरेस्टच. धरणवाल्यांनी पाणी सोडलं की मधला बर्फ पाण्याबरोबर खाली बसतो आणि काठचा अधांतरी राहतो, हे तो शाळेत जाऊन पोरांना शिकवतो. असा माणूस तिथे पाऊल टाकेल?"

एनिडनं क्षणभर डोळे मिटले, ओठ हलले. मग तिनं कोट चढवला.

"क्लिफर्ड, गाडी काढ."

"आपल्याला पोहता येत नाही, एनिड."

"गाडी काढ म्हटलं ना."

*

डारियाला घेऊन ते पोहोचले तेव्हा काठाशी बर्फाचे तुकडे शिड्यांसारखे तिरके पडले होते. पाणी उतरलं की असंच होतं. मधला बर्फ खाली जातो, कडा मोडतात. दूर तलावाच्या मध्यावर पाणबुड्यांचा पिवळा तंबू दिसत होता. जवळ, लोर्ना डेजार्लेच्या दुकानासमोर, एक लांब लाकडी धक्का बर्फात शिरला होता. धक्क्याच्या अर्ध्यावर, बाजूलाच, बर्फाला भोक पाडून मासे धरायची एक निळी खोपी उभी होती. आतून रेडिओवर पोल्का दणाणत होता.

"तिकडे माणूस बुडाला आणि इथे नाचगाणी?" क्लिफर्ड पुटपुटला.

काठावरून तलावाच्या या कोपऱ्यातल्या बर्फावर वाट दाखवणारी वाळुंजाच्या काठ्यांची रांग गेली होती. प्रत्येकीला लाल चिंधी. क्लिफर्डनं बुटातला बर्फ काढायला पहिल्याच काठीचा आधार घेतला आणि काठीसकट आडवा झाला.

"अगं आई गं! ओरेस्टच्या काठ्या म्हणे! माझ्या नातवानं याहून पक्क्या रोवल्या असत्या."

एनिडनं त्याला उठवायच्या आधी काठीचं टोक पाहिलं. टोक कोरडं होतं. बुडाशी नुसता भुसभुशीत बर्फ लोटलेला.

"डारिया, ओरेस्ट काठ्या कशा रोवतो?"

"गिरमिटानं आरपार भोक पाडतो. खालून पाणी वर येतं, त्यात काठी उभी करतो. घटकाभरात अशी गोठते की बैलानंही उपटू नये. आणि पाणी वर आलं नाही तर तो मागे फिरतो. तिथे बर्फाखाली पोकळी, म्हणतो."

"मग याच्या खालून पाणी आलेलं दिसत नाही," एनिड हळूच म्हणाली. "क्लिफर्ड, तू काठावर ये. लगेच."

*

लोर्नाच्या दुकानात ताज्या कॉफीचा आणि शिळ्या मासळीचा वास मिसळला होता. लोर्ना गल्ल्यामागे तणतणत होती.

"गळाला लावायची जिवंत मासळी मागायला आला असाल तर नाही. मेली सगळी! धक्क्याच्या अगदी टोकाला पिंजरा पाण्यात सोडलेला असतो माझा. काल सकाळी ओढायला गेले तर पिंजरा चिखलात आडवा. पाण्याचा थेंब नाही. धरणवाल्यांना विचारायची सोय नाही, त्यांना वीज हवी."

"आणि ही निळी खोपी?"

"गार्थची. भाड्यानं देतो तो खोप्या. ही एरवी पार तिकडे, खोल पाण्यावर असते. काल दुपारी मी सामान आणायला गावात गेले, परतले तर इथे. माझ्या उशाशी! रात्रभर तो रेडिओ. मी ओरडून सांगितलं, तर म्हणतो, लोर्ना, आज एकटं राहवत नाही. मग काय बोलणार? दोस्त गेलेला."

"झोप लागली का?"

"लागते कसली. गाणं संपून दुसरं लागेपर्यंत बर्फाची ठकठक. पाणी उतरताना तो बोलतोच. कधी तोफ उडाल्यासारखा, कधी कण्हल्यासारखा. काल मात्र सुतारासारखा ठोकत होता. ठक ठक ठक, थोडं थांबून पुन्हा ठक ठक ठक."

"इथे जन्म गेला तुझा," क्लिफर्ड हसून म्हणाला, "अजून बर्फाला घाबरतेस?"

"घाबरते कुठे? कूस बदलली आणि डोक्यावर उशी घेतली."

एनिड हसली नाही. तिनं कॉफीचा कप न पिताच ठेवून दिला.

*

ओरेस्टचा धाकटा भाऊ तारास दुकानामागे लाकडं फोडत होता. फोडायची गरज नसलेली लाकडंही त्यानं फोडली होती.

"हो, भांडलो आम्ही. सगळ्यांनी ऐकलंय, मी कशाला लपवू? रविवारी मासेमारीची स्पर्धा, मी भरवतोय. ओरेस्ट म्हणाला, रद्द कर, पाणी फार झपाट्यानं उतरतंय. मी म्हणालो..." त्याची कुऱ्हाड खाली आली. "मी म्हणालो, तूच जा बर्फाखाली, म्हणजे आमची कटकट मिटेल."

डारियानं तोंड फिरवलं.

"तारास, या कोपऱ्यातून वाट कुणी आखली?" एनिडनं विचारलं.

"ओरेस्टनंच असेल. त्यानं आधी उत्तरेकडून आखली होती, लांबून. काल सकाळी पाहतो तर काठ्या इथे. मला वाटलं, विरघळला. जवळची वाट सगळ्यांनाच हवी होती. मला, लोर्नाला, गार्थला तर सगळ्यात जास्त. त्याच्या खोप्या या वाटेवर पहिल्या लागतात."

"ओरेस्टला ते ठाऊक होतं?"

"काल दुपारी मीच त्याला चिडवलं, शेवटी ऐकलंस ना आमचं! त्यानं गाडीतून लोखंडी पहार घेतली आणि तडक इकडे निघाला."

*

गार्थ लिंडग्रेन खोपीच्या दारात उभा राहिला, दार भरून. धिप्पाड, डोळे सुजलेले. त्याच्यामागून शेगडीची ऊब येत होती. एनिड धक्क्यावरूनच बोलली. खाली उतरली नाही.

"रेडिओ जरा बारीक करता?"

"नको, बाईसाहेब. बंद केला की मला त्याची किंकाळी ऐकू येते."

क्लिफर्डनं टोपी काढली. एनिडनं मान हलवली.

"काल काय पाहिलंत?"

"मी इथे गळ टाकून बसलो होतो. खिडकीतून पाहिलं, ओरेस्ट मध्यावर चाललेला. वारा होता, बर्फ उडत होता. मी हाका मारल्या. आणि तो एकदम... नाही. धावत गेलो तर नुसतं काळं पाणी आणि टोपी."

"इथे मासा लागतो?"

"लागतो की." त्यानं आतून बादली आणली. दोन वॉलाय मासे, लाकडासारखे कडक, एकमेकांना चिकटलेले. "आज पहाटे काढले. रात्रभर बसायचं तर हाताला काही चाळा हवा ना. डारियाला द्या."

"पाणी किती खोल आहे इथे?"

"दोन पुरुष तरी," गार्थ म्हणाला.

*

सार्जंट पेल्की मध्यावरून परत येत होते. एनिडनं त्यांना धक्क्याच्या तोंडाशीच अडवलं आणि टोपी पाहायला मागितली. लोकरी टोपीच्या कानावर राखाडी चिखल वाळून घट्ट झाला होता.

"क्लिफर्ड, लोर्नाची शिडी आण. दोर आण. तारासला बोलाव. पळ!"

"आता कशाला? माणूस तर..."

"पळ म्हणते ना!" एनिडचा आवाज इतका चढलेला क्लिफर्डनं कधी ऐकला नव्हता. तो पळाला.

"सार्जंट, गार्थला धक्क्यावर बोलवा. आणि तुम्ही खोपीकडे बर्फावरून जाऊ नका."

गार्थ कुरकुरत चढून आला. लोर्ना शाल गुंडाळून आली. डारिया कठड्याला धरून उभी होती.

"थोडक्यात सांगते, वेळ नाही," एनिड म्हणाली. "ही टोपी मध्यावर मिळाली. तिथे बर्फ, आणि बर्फाखाली पाणी. मग तिला चिखल कुठून लागला, सार्जंट?"

"तळाचा असेल."

"तळाला गेलेली टोपी वर येऊन बर्फावर बसत नाही. चिखल उघडा पडलाय तो काठाला. लोर्नाचा पिंजरा धक्क्याच्या टोकाला, पार तिकडे, काल सकाळीच नुसत्या चिखलात पडला होता. गार्थची खोपी त्या टोकापेक्षा काठाच्या कितीतरी जवळ आहे. टोकाला थेंब नाही, तर इथे दोन पुरुष पाणी कुठून आलं?"

गार्थ हसला. "मोजून थोडंच पाहिलंय मी?"

"मासे तरी पाहून काढलेत ना? पहाटेपासून शेगडीच्या उबेला असलेले मासे असे कडक राहतात? ते तुम्ही घरून आणलेत. खोपीच्या तळात गळाचं भोक असेलही, पण त्याखाली तलाव नाही. जिथे मासा राहूच शकत नाही तिथे मासेमारीची खोपी कुणी कशाला ओढून आणेल?"

रेडिओवर अकॉर्डियन चढत्या सुरात वाजत होतं.

"झाकायला," लोर्ना अस्फुट म्हणाली.

"झाकायला. काठ्या ओरेस्टनं रोवल्या असत्या तर त्या गोठून घट्ट बसल्या असत्या. या कुणीतरी उपटून आणून बर्फात नुसत्या खोचल्या, कारण इथे भोक पाडलं तर पाणी वर येत नाही. ओरेस्टला तारासकडून कळलं आणि तो पहार घेऊन इथे आला, काठ्या काढायला. गार्थ, तुम्ही इथेच होतात."

"मी हात लावला नाही त्याला!" गार्थ ओरडला. "मी लावला नाही हात! तो पहार आपटत होता, दाखवत होता मला, बघ, पोकळ आहे, बघ! आणि कड मोडली. मी काही केलं नाही."

"टोपी खाली चिखलात पडली असेल, ती तुम्ही गळानं वर ओढलीत. ती घेऊन तुम्ही मध्यावर गेलात, पातळ बर्फ फोडलात. रविवारी शंभर गाड्या या वाटेनं जाणार होत्या. ओरेस्ट इथे सापडला असता तर काठ्या कुणी हलवल्या, हे साऱ्या गावाला कळलं असतं."

"तो मेला होता!"

"मग रेडिओ कशाला?"

सार्जंटनी गार्थचा दंड धरला.

तेवढ्यात क्लिफर्ड आणि तारास शिडी घेऊन धापा टाकत आले. "रेडिओ बंद कर," एनिड म्हणाली. तारासनं शिडी धक्क्यावरून खोपीच्या दारात टेकवली, पोटावर सरपटत आत गेला आणि सूर मधेच तुटला.

तलावावर इतकी शांतता पसरली की डारियाचा श्वास ऐकू येत होता.

काही नाही.

"बाई," सार्जंट हलकेच म्हणाले, "बाहेर उणे पंचवीस..."

"खाली वारा नाही. वरून बर्फाचं पांघरूण, अंगाखाली पाणी नाही, नुसता चिखल, अंगात हिवाळी पोशाख. पाण्यात तो केव्हाच गेला असता. पण तो पाण्यात पडलाच नाही." एनिडनं हात जोडल्यासारखे छातीशी घट्ट धरले होते. "लोर्ना, बर्फ कधी मोजून तीन-तीन ठोके देतो का?"

लोर्नाच्या हातून शाल गळून पडली.

आणि मग खालून, खोपीच्या बुडातून, आवाज आला. लोखंड बर्फावर. ठक. बऱ्याच वेळानं, ठक. तिसरा आलाच नाही.

डारिया किंचाळली. तारासनं खोपीच्या तळाच्या फळ्या नखांनी उचकटायला सुरुवात केली.

*

दोर कमरेला बांधून तारासच खाली उतरला. दुसऱ्या कुणाला त्यानं उतरू दिलं नाही. ओरेस्टला वर ओढलं तेव्हा त्याचा उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता. ओठ निळे पडलेले. हातातली पहार सुटेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली. डारियानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या श्वासानं त्याच्या पापण्यांवरचा बर्फ वितळवू लागली.

धक्क्यावर बेड्या घातलेला गार्थ उभा होता. दुकानातून बाहेर आलेले लोक त्याच्यापासून दूर सरकले होते. लोर्ना फळ्यांवर बसून दोन्ही हातांनी कान घट्ट दाबत होती, जणू आवाज अजून थांबला नव्हता.

"ओरेस्ट," सार्जंट वाकून म्हणाले, "वर कोण आहे हे तुम्हाला कळत होतं?"

ओरेस्टचा आवाज रात्रीच बसला होता. सगळ्यांना वाकावं लागलं.

"गार्थ होता. त्याची पावलं मी ओळखतो." त्यानं मान किंचित वळवून दोस्ताला शोधलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच कुणाला बघवेना. "गाणी लागली होती ना. मला वाटलं, त्यामुळे बिचाऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून मी आणखी जोरात ठोकत राहिलो."