फ्रेमवाल्याचा गैरसमज

केशरबाईंचं पत्र पोळ्यानंतरच्या सोमवारी आलं आणि दोन महिने मी त्याला उत्तर दिलं नाही. त्यांनी भाऊबीजेपर्यंत मुदत दिली होती. नंतर त्यांचा मुलगा मनिष बिऱ्हाड हलवून त्यांना भिलाईला नेणार होता, कायमचं. सदुसष्टाव्या वर्षी माणसानं प्रेमकथा सांगावी का, मला ठाऊक नाही. पण झालं ते असं.

मी सिहोऱ्याच्या शाळेत ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात माउथ ऑर्गन वाजवायचो, तोही पडद्याच्या बाजूला उभा राहून. पुढे ब्लूजची एक कॅसेट हाती आली आणि मी त्या संगीताचाच झालो. अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं ते गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. निवृत्तीनंतर मी आपल्याकडच्या दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांतल्या कलावंतांचे फोटो काढत हिंडू लागलो. बोलण्यापेक्षा कॅमेऱ्यामागे राहणं मला सोपं जातं.

जुलैत असाच एका दंडारवाल्याकडे बपेऱ्याला निघालो होतो. वाटेत एका भाताच्या बांधीत बायका धान रोवत होत्या. पुढची बाई एक ओळ दोनदा म्हणे, मग बाकीच्या उत्तर देत. मी स्कूटर थांबवली.

"ओ फोटोवाले, उभ्या उभ्या काय पाहून राहिले? या, एक पेंढी रोवा," पुढची बाई म्हणाली.

"नाही... तुम्ही एकच ओळ दोनदा का म्हणता?"

"पहिल्यांदा ह्या बायका ऐकतच नाहीत. गोष्टी करत राह्यतात."

मी कधी नव्हे ते अनोळखी माणसांपुढे माउथ ऑर्गन काढला आणि तीच ओळ वाजवली. ती बाई चिखलात तशीच उभी राहिली. कपाळावरचं पाणी तिनं मनगटानं पुसलं.

"गाणं माझंच हाय, पण कोणी सोडून गेल्यावाणी वाजवलं. तुमाले कोण सोडून गेलं?"

"कोणी नाही... कोणी आलंच नाही."

बायका हसल्या. ती हसली नाही. "मंग वाजवा," ती म्हणाली. "थांबले काहून?"

त्या केशरबाई. दहा वर्षांपूर्वी नवरा गेलेला. मी त्यांचा फोटो काढला. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड गाताना उघडं. नंतर महिनाभरात मी चारदा बपेऱ्याला गेलो. दंडारवाला एकदाच भेटला. बाकीच्या वेळी मी त्याचं घर शोधलंही नाही. केशरबाईंच्या ओसरीवर त्या गात आणि मी वाजवत असे. चहात साखर जास्त असायची. मी सांगितलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो फोटो मोठा करून, तुमसरला फ्रेम करून बपेऱ्याला नेला. कागदात बांधलेला होता. दुकानात उघडून पाहावा हे मला सुचलं नाही. केशरबाईंची जाऊ बेबीबाई ओसरीवर बसली होती. तिनंच कागद फाडला.

फ्रेमला चंदनाचा हार घातलेला होता.

"केशर," बेबीबाई म्हणाली, "तू गेलीस कवा? मले सांगतलं बी नाही."

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "बाबूजी, बाईंचा एवढा मोठा फोटो घेऊन आले, चेहरा उतरलेला, मले वाटलं मिसेस गेल्या. हार आपल्याकडून." फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांनी ऐकलं.

बेबीबाई हसत आत गेली. केशरबाईंनी हार काढून खुंटीला लावला.

"मी तुमची कोण वाटली त्याले?"

"बायको," मी जमिनीकडे पाहत म्हणालो. "गेलेली."

"गेलेली म्हनला, ते चुकलं त्याचं." त्या थांबल्या. "बाकी?"

मी म्हणालो, अंधार व्हायच्या आत निघायला हवं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

पत्र आलं ते असं. 'मास्तर, बाकीचं काय? तुमाले बोलता येत नाही म्हणून लिहून विचारते. लिहूनच सांगा, भाऊबीजेपर्यंत. मोबाईलवर नको, सून वाचते.' मी अकरा मसुदे केले. लोक हसतील, मनिष चिडेल, माझ्या दोन खोल्यांत पुस्तकांमुळे दुसरी खाट मावत नाही. अशी कारणं मला फार लवकर सुचतात.

दिवाळीला आठवडा असताना बेबीबाई सिहोऱ्याच्या बाजारात भेटली.

"केशरनं पेटी घेतली, मास्तर. लुगडी भरून राहिली. रोज डाकवाल्याले विचारे, पत्र हाय का. कालपासून विचारणं सोडलं."

भाजी न घेताच मी घरी आलो. बारावा मसुदा पाच मिनिटांत झाला. 'बाकीचं बरोबर व्हावं, अशी माझी इच्छा आहे. पाडव्याला मनिषशी बोलायला येतो. मला बोलता आलं नाही तर तुम्ही सांभाळून घ्या.'

पोस्टात कारकून तुलारामनं पत्ता वाचला. "बपेराच? बस उभी हाय समोर. पोस्टानं दोन-तीन दिवस लागतील. हातानं द्या ना."

"हातानं द्यायला गेलो तर... खिशात तसंच परत येईल."

तुलारामनं शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.