मान सरळ ठेव, बाई

परदेशी जायचं म्हणजे काय काय लागतं, हे त्या काळी पूर्णेत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच सांगणारे घराघरात होते. कुणी म्हणे तिकडं पाणी विकत घ्यावं लागतं, कुणी म्हणे विमानात बसण्याआधी दोन दिवस जेवू नये. कमलला मात्र एक गोष्ट पक्की कळली होती. आधी फोटो लागतो. एकटीचा, समोर बघून, डोक्यावर पदर न घेता, दोन्ही कान दिसतील असा. आणि मागं सगळं पांढरं.

हे पांढऱ्याचं भगवानरावांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. भगवानराव रेल्वेतले, कमलच्या नवऱ्याचे, बन्सीधरचे, जुने सोबती. ते फोटोच्या दिवशीच संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला निघाले होते आणि कमलचे कागद स्वतः पासपोर्टच्या कचेरीत देणार होते. बन्सीधर मस्कतला फिटर होता. कंपनीनं त्याला खोली देऊ केली होती, पण बायको लवकर येणार असेल तरच. नाहीतर ती दुसऱ्याला. लग्नानंतरचा एक उन्हाळा सोडला तर कमलनं नवरा पाहिला तो पत्रांमधूनच. त्या खोलीला खिडकी आहे, असं त्यानं लिहिलं होतं. कमल रोज रात्री डोळे मिटून त्या खिडकीला पडदा लावायची.

तर सासूला, म्हणजे ती जिला आत्याबाई म्हणायची त्या बायनाबाईला, बरोबर घेऊन ती भर उन्हाची स्टेशनाच्या वाटेवरच्या दिनकररावांच्या स्टुडिओत पोचली.

दिनकररावांच्या स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर हिरवं तळं, दोन हंस आणि कुठंही न जाणारा एक जिना. अर्धी पूर्णा त्या तळ्याकाठी बसून आली होती. "ह्या पडद्यापुढं म्हसोबाला बसवलं तरी नवरदेव दिसतो," असं दिनकरराव स्वतःच सांगायचे. पण पांढरं म्हटल्यावर त्यांचं तोंड जरा उतरलं.

"पांढरंच पायजे का?"

"पांढरंच," कमल म्हणाली.

"सकाळधरनं लाईट न्हाई. फिल्म बी एकच ऱ्हायलीय. नांदेडहून माल उद्या येणार."

"आज संध्याकाळच्या गाडीनं जायचेत हो फोटो."

दिनकररावांनी बायनाबाईकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. पत्र्यात बसवलेल्या काचेतून उजेडाचा एक चौकोन खुर्चीवर पडला होता. मग ते आतल्या खोलीत गेले, पेट्यांची झाकणं वाजली, आणि बऱ्याच वेळानं ते एक पांढरी चादर घेऊन आले. घडी मोडली तसा वास सुटला. कापराचा, गुलालाचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी, बंद घरात विसरलेल्या ओल्या धुण्यासारखा.

खुर्चीमागं दोरी होती, तीवर त्यांनी चादर टाकली. चादरीमागं भिंत, मध्ये फार तर हातभर जागा. कमलला दिसलं की बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर चादरीला दोन चिरा आहेत, आणि त्या काळ्या दोऱ्यानं घाईघाईनं शिवल्यात.

"हे काय?"

"जुनी हाय. फाटली व्हती." आणि लगेच बायनाबाईला, "मावशी, तुमी भाईर बाकड्यावर बसा. तुमची सावली पडायलीय."

बायनाबाई बाहेर गेली. दिनकररावांनी दार लावलं. रस्त्याचा आवाज एकदम लांब गेला आणि पत्रा तापून मधूनच टणकारत राहिला.

"आता ऐका, बाई. उजेड कमी हाय, म्हणून कॅमेऱ्याची काच जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागंल. पापणी हलली तर हलू द्या. मान हलवायची न्हाई. मान हलली की फोटो गेला."

कमल बसली. पदर खाली घेतला, तशी पाठीमागची मान उघडी पडली आणि तिला विनाकारण लाजल्यासारखं झालं. दिनकरराव कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यात शिरले.

"उजवीकडं झुकली मान... आता डावीकडं... अवो, सरळ."

तिला सरळ म्हणजे काय तेच कळेनासं झालं. सरळ ठेवू गेलं की मान अशी थरथरते, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात मागून दोन हात आले. चादरीसकट. अंगठे कानांच्या खाली टेकले, बोटं जबड्याला लागली, आणि तिचं डोकं कुणीतरी अलगद, सवयीनं, सरळ केलं.

"हां. आता बरोबर," फडक्यातून आवाज आला.

आत्याबाई मागच्या दारानं आल्या वाटतं, असं कमलच्या मनात आलं, आणि तिला बरंच वाटलं. हात खरबरीत होते, कापूस वेचून चिरलेल्या बोटांचे. फक्त फार गार होते. दिनकररावांनी काचेवरचं झाकण काढलं, तोंडातल्या तोंडात आकडे मोजले, झाकण लावलं.

"झालं. आता मी आत धुवायला बसतो. तुमी निवांत बसा. पर काय बी झालं तरी दार उघडायचं न्हाई, अन् मला हाक मारायची न्हाई. आतलं दार जरा जरी उघडलं तर उजेड शिरंल अन् फिल्म जळून जाईल."

ते अंधाऱ्या खोलीत गेले. आतून कडी लागली.

कमल उठायला गेली. हात सुटले नाहीत.

"आत्याबाई, झाला की फोटो. सोडा."

बंद दाराबाहेरून, रस्त्यावरून, बायनाबाईचा आवाज स्वच्छ आला. ती भाजीवालीशी वांग्यांवरून हुज्जत घालत होती.

हुज्जत चालूच होती, वांगी किडकी आहेत, नाहीत, आणि इकडं कानांखाली ते दोन अंगठे तसेच. कमलनं मान वळवायचा प्रयत्न केला. ती केसभरही हलली नाही. डोळे तेवढे फिरत होते. कोपऱ्यातून चादर दिसत होती, आणि चादरीला कुणाच्या तरी अंगाचा फुगवटा आला होता.

"झाला का फोटू..." आवाज कानाला लागून आला, म्हाताऱ्या बाईचा, दमलेला.

"झाला," कमल कशीबशी म्हणाली.

"मागल्या खेपंला बी झालाच म्हनले हुते... गीताचं डोकं सारखं पडायलं हुतं... म्या धरलं. हात भरून आले, पर सोडलं न्हाई..."

"सोडा ना, माय..."

"फोटू मिळाल्याबिगर कशी सोडू... मान सरळ ठेव, बाई."

ओरडावं, असं कमलच्या घशापर्यंत आलं. एक हाक मारली की दिनकरराव दार उघडून धावत आले असते. पण दार उघडलं की फिल्म जळणार, फिल्म जळली की गाडी जाणार, आणि मस्कतच्या त्या खिडकीला दुसऱ्याच कुणाचा पडदा लागणार. तिनं हाक गिळली. भुताच्या हातात मान देऊन बाई गप्प बसली, ती नवऱ्याकडं जायला मिळावं म्हणून. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या खुर्चीत बसून कुणी हसून दाखवावं.

अंधाऱ्या खोलीत पाणी ओतल्याचा आवाज झाला. बोटं आणखी घट्ट झाली. आता श्वास घ्यायला जोर करावा लागत होता.

"माय," कमल अगदी हळू म्हणाली, "हा... हा तिचाच हाय. तुमच्या गीताचाच. चांगला आलाय. मिळंल तुमाला."

हात थांबले. मग एका बोटानं तिच्या कानावर आलेली बट मागं सारली, आई लेकीची सारते तशी, आणि चादर भिंतीला चिकटली.

दिनकरराव ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर आले तेव्हा कमल दाराशी उभी होती.

"असा फोटो पूर्णेत कुणाचा आला नसंल," ते खुशीत म्हणाले. मग तिचा चेहरा बघून, "काय झालं?"

"चादरीमागं कोण हाय?"

त्यांनी चादर उचलली. भिंत होती, आणि भिंतीवर पोपडे.

"ती भोकं कशाला पाडली व्हती, ते सांगा मला."

दिनकररावांनी फिल्म वाळत घातली, हात पुसले, आणि तिच्याकडं न बघता सांगितलं. खेड्यांतून जिवंतपणी फोटो कोण काढतो? माणूस गेल्यावर बोलावतात. त्याला खुर्चीत बसवायचं, मागं पांढरी चादर धरायची, आणि घरातल्या कुणीतरी चादरीमागं उभं राहून भोकांतून हात घालून डोकं सावरायचं. हात पदराखाली, नाहीतर उपरण्याखाली झाकायचे. फोटोत कळत नाही. ताडकळसच्या दत्तरावांची पोरगी गीता तापानं गेली, तेव्हा तिच्या आईनं, सरजाबाईनं, धरलं होतं.

"फोटो बिघडला. फिल्ममधी उजेड शिरला. आता सरणावर गेलेल्या पोरीला पुन्हा कुठून आणायचं? मी म्हणलं, पुढच्या बाजारी देतो. ती दर बाजारी यायची. मी बी काय करणार, सांगा. मग पोळ्याच्या सुमाराला ती बी गेली. तवा शिवून टाकली ती भोकं."

ताडकळसचं ते घर मोठं, मानाचं. अशा घरांच्या ओसरीखाली कमलची आई ओंजळ करून बसायची आणि पाणी वरून ओतलं जायचं. त्या घरातल्या मालकिणीचे हात आज कमलच्या गालांवर होते. तिला शहारा आला, आणि राग आला, आणि त्या बाईची कीवही आली. तिनं दिनकररावांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घाबरून त्यांनी फोटो दिला नसता.

संध्याकाळी फोटो भगवानरावांबरोबर गेले. यथावकाश पासपोर्ट आला, बन्सीधरचं तिकीट आलं. गल्लीतल्या बायका जयभीम घालायला येत, पासपोर्ट हातात घेत आणि म्हणत, काय फोटो आलाय, राणीच जणू. कमलची मान तेवढी अवघडलेली असायची. झोपेत कूस बदलायला गेली की जाग यायची. उन्हाचं झालं असेल, म्हणत बायनाबाई तेल चोळायची.

जायचा दिवस उजाडला. भगवानरावच तिला मुंबईपर्यंत पोचवणार होते. गाडीत खिडकीची जागा धरून देऊन ते फलाटावर पाणी भरायला गेले. बायनाबाई खिडकीच्या गजांतून हात घालून सुनेचा हात धरून उभी होती आणि सारखं सांगत होती की तिकडं गेल्यावर नवऱ्याला आधी केस कापायला लाव. कमलला रडूही येत होतं आणि हसूही. इतकी सुखी ती कधीच नव्हती.

डब्याच्या टोकाकडून एक म्हातारा येत होता. धोतर, पागोटं, छातीशी उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी. प्रत्येक खिडकीशी थांबायचा, उपरणं बाजूला करून अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघायचा, मग आतल्या बायकांकडं बघायचा, आणि पुढं सरकायचा. कमलच्या खिडकीशी आला आणि थांबला.

"हीच की," तो म्हणाला.

"कोण पायजे, बाबा?" बायनाबाईनं विचारलं.

"मी ताडकळसचा दत्तराव. आमच्या गीताचा फोटू दिला बगा दिनकररावानं. लय उशिरा, पर दिला." त्यानं उपरणं काढलं.

काचेची फ्रेम होती. झेंडूचा हार होता, काचेवर कुंकवाचं बोट होतं. आणि आत, मोठी केलेली, कान दिसणारी, मान सरळ ठेवलेली कमल होती. डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात दिनकररावांनी जुनं लचांड असं घालून टाकलं होतं. कमलनं मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग आठवलं की तीच गोष्ट ती स्वतः त्या खुर्चीत बसून बोलली होती.

"बाबा, ही आमची सून हाय," बायनाबाई म्हणाली. "हार काढा तो आधी. जित्या माणसाला हार घालतेत का?"

म्हाताऱ्यानं ऐकलं नसावं. तो खिडकीशी वाकला. त्याच्या बोलण्यात जोर नव्हता, जबरदस्ती नव्हती, संध्याकाळी पोरीला शेतातून हाक मारावी तसं तो म्हणाला, "गीता, घरला चल. आज तू गाडीनं चाललीस म्हनून तुझ्या मायनं सांगितलं. तिनंच धाडलं मला."

शिट्टी झाली. भगवानराव धावत येऊन डब्यात चढले. गाडीला हिसका बसला आणि बायनाबाईचा हात सुटला. कमलनं तोंड आत घ्यायला पाहिलं. या म्हाताऱ्याकडं, त्या फ्रेमकडं बघायचं नव्हतं तिला. पुढं बघायचं होतं. मान फिरली नाही. कानांच्या खाली दोन गार अंगठे टेकले होते, आणि तिचा चेहरा कुणीतरी अलगद, सवयीनं, खिडकीकडंच सरळ धरून ठेवला होता.

म्हातारा गाडीबरोबर चालत होता. मग त्यानं नजर जरा वर उचलली, कमलच्या डोक्याच्या वर, जिथं डब्याची लाकडी फळी होती आणि दुसरं काही नव्हतं. आता त्याला डोळ्यांजवळ काही न्यावं लागलं नाही. तो चालायचा थांबला आणि त्याचा चेहरा एकाएकी फार एकटा झाला.

"सरजे," तो म्हणाला, "तू बी चाललीस?"