होडीचं तिसरं चाक

सोमवारी दुपारी चार वाजता राधाबाईंच्या साइडकारचं चाक पुन्हा बसलं. लालबागच्या चाळीच्या आवारात, भिंतीलगत त्यांची गाडी उभी होती. मोटरसायकलची दोन्ही चाकं टणटणीत होती. डाव्या अंगाची साइडकार मात्र एका कुशीवर कलली होती. शकू, जयवंत, लवू आणि चाळीतली बाकीची मुलं तिला ‘होडी’ म्हणत.

“कुणीतरी मुद्दाम हवा सोडतंय,” लवू म्हणाला.

“तुझ्याइतकं रिकामटेकडं दुसरं कोण आहे?” जयवंतने विचारलं.

“मे महिन्याची सुट्टी आहे. तूही रिकामाच आहेस.”

शकू हसली नाही. राधाबाई सुईण होत्या. परळपासून वरळीपर्यंत कुणाच्या घरी बाळ यायचं असलं की त्या होडीत बसत आणि त्यांचा भाऊ गुणाजी गाडी हाकत असे. शनिवारी जुनं ठिगळ सुटून असंच चाक बसलं आणि परळला पोचायला त्यांना उशीर झाला. तिथे सगळं सुखरूप पार पडलं, पण दर वेळी तसं होईल कशावरून? शकूची मोठी बहीण नलू वरळीच्या बीडीडी चाळीत होती. पहिलटकरीण. आई असती तर ती माहेरी आली असती. आई नव्हती, म्हणून सासरीच राहिली होती. तिचे दिवस भरले होते, बोलावणं केव्हाही येणार होतं. त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. बस केव्हा बंद पडेल याचा नेम नव्हता. सगळी भिस्त या तीन चाकांवर होती.

गुणाजीमामा पाने घेऊन आले. त्यांनी चाक उतरवलं, पट्टीने टायरची कड उचलली आणि आतली ट्यूब ओढून काढली. लवूने घमेल्यात पाणी आणलं. फुगवलेली ट्यूब पाण्यात धरताच शनिवारी लावलेल्या ठिगळाखालून बुडबुडे आले.

शकूने नखाने जरा ओढलं, तर ठिगळ अख्खंच्या अख्खं हातात आलं.

“माझं ठिगळ असं सुटत नाही,” गुणाजीमामा म्हणाले. त्यांना ते लागलं होतं.

“ठिगळाचं सोल्युशन शिळं असेल,” लवू म्हणाला.

“तूच शिळा. परवा माझ्यासमोर सोल्युशनची नवी ट्यूब फोडलीय त्यांनी,” जयवंत म्हणाला.

मग त्याने टायरच्या आतून हात फिरवला. खिळा नाही, काच नाही. “पण बुळबुळीत काय लागतंय?”

शकूने बोट फिरवून वास घेतला. हा वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. बाबांचा सदरा भिजत घालताना तोच यायचा. गिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांचं तेल.

“गिरणीचं तेल आहे,” ती म्हणाली.

“मग काय, निम्म्या लालबागला पकडा,” जयवंत म्हणाला. “गिरणीत कोण नाही इथे?”

“उद्या पहिली पाळी सुटली की बघू,” शकू म्हणाली. बाबांचं नाव तिने घेतलं नाही.

गुणाजीमामांनी नवं ठिगळ लावून चाक चढवलं.

मंगळवारी दुपारी तिघं पाण्याच्या टाकीमागे बसली. भोंगा झाला. माणसं डबे हलवत आपापल्या घरी गेली. मग शामराव आले, शकूचे बाबा. इकडेतिकडे पाहून ते होडीपाशी उकिडवे बसले. पिशवीतून छोटी बुधली काढून त्यांनी चाकाच्या आसात तेलाची धार सोडली आणि चाक हाताने हलवून कान लावला. आणखी धार सोडली. तेल आऱ्यांवरून उतरून धावेत, टायरच्या कडेखाली गेलं. मग सुताच्या बोळ्याने त्यांनी टायरची कडसुद्धा पुसली, पोराचं तोंड पुसावं तशी.

लवू ओरडणार होता. जयवंतने त्याच्या तोंडावर हात ठेवला. शकू एकटीच पुढे गेली.

“बाबा, काय करताय?”

शामराव दचकले. “काय नाय गो. करकरत होतं.”

“म्हणून रोज तेल घालता?”

“फिरणाऱ्या वस्तूला तेल लागतंच. चाती एक दिवस कोरडी ठेवून बघ, सूत तोडते.” ते बुधलीचं झाकण लावत राहिले. “नलूकडे जाताना ही मधेच अडली तर? तुझ्या आईने लाडू वळले असते, बाळाला कुंची शिवली असती. मला कुठलं येतंय ते? तेल घालता येतं.”

शकूला पुढचं सांगणं जड गेलं. तरी तिने सांगितलं. ठिगळ, बुडबुडे, वास.

आवाज ऐकून गुणाजीमामा बाहेर आले होते. “आसाला दोन थेंब पुरतात, शामराव. बाकीचं टायरात शिरतं. रबराला तेल म्हणजे लोणच्याला पाणी.”

शामराव खाली बसले. “म्हणजे शनिवारी राधाबाईंना उशीर झाला, तो...”

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. नलूचा दीर रघू धापा टाकत होता. “वहिनीला कळा सुरू झाल्यात. राधाबाईंना बोलावलंय.”

सगळ्यांनी चाकाकडे पाहिलं. ते अर्धं बसलं होतं.

“उतरवा,” गुणाजीमामा म्हणाले. “लवू, माळ्यावरचा जुना टायर आण. झिजलाय, पण होडीचा भार सोसेल. शकू, साबणाचं पाणी. धाव पुसून कोरडी कर, तेलाचा डागसुद्धा ठेवू नकोस.”

राधाबाई बॅग घेऊन बाहेर आल्या. “कोरी ट्यूब आहे ना रे?”

“आहे. पावडर हवी, नाहीतर आत चिकटते.”

राधाबाईंनी बॅगेतून बाळाच्या पावडरीचा डबा काढला. “घे. नलूच्या बाळाला थोडी कमी लावू.”

ट्यूब पांढरी झाली, टायरात गेली. पट्टीने शेवटची कड आत बसली. लवूने पंप मारला, जयवंतने मारला. मग शामरावांनी पंप घेतला आणि कुणालाच दिला नाही.

“सोडा आता, शामराव, फुटेल,” राधाबाई म्हणाल्या. होडीत बसता बसता त्यांनी शकूच्या डोक्यावर हात ठेवला. “नाक चांगलं आहे तुझं. आणि बापाला तोंडावर खरं सांगितलंस, ते त्याहून चांगलं.”

गाडी करी रोडच्या पुलाकडे वळली. रघूच्या सायकलवर डबलसीट बसून जयवंत मागोमाग गेला.

शकू आणि शामराव पायरीवर बसून राहिले. शामरावांनी हात साबणाने धुतले होते, तरी पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होते. दिवे लागायच्या सुमारास जयवंत एकटाच रघूची सायकल मारत परतला.

“पोचली होडी,” तो उतरता उतरता म्हणाला. “तिन्ही चाकं टणटणीत. मी दाबून पाहिली.”

“आणि ताई?” शकूने विचारलं.

“राधाबाई आत आहेत. दार लावलंय. बाहेर पाणी तापत होतं. अजून काही कळलेलं नाही.”